पहिला मुक्काम संगमनेर

पुण्याहून नर्मदेकाठच्या महेश्वरला गाडीने जायचंय? मग पहिली रात्र कुठे काढायची ते सगळ्यात आधी ठरवा. बाकीचं प्लॅनिंग आपोआप जुळत जातं.

ऑफिसच्या कँटीनमध्ये कुणी रोड ट्रिप करून आला की पहिला प्रश्न ठरलेला. ‘किती तासांत मारलंस?’ आकडा जितका लहान, तितका त्या दिवशी तो हीरो. वाटेत काय पाहिलंस, काय खाल्लंस, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. विचारलंच तर उत्तर येतं, ‘थांबलो ना यार एकदा, डिझेल भरायला.’

सहाशे किलोमीटर गेले आणि लक्षात राहिला तो पंप! त्यापेक्षा विमानाने जावं की. निदान खिडकीतून ढग तरी दिसतात.

पुण्याच्या आयटीवाल्यांमध्ये सध्या इंदूर-महेश्वर-मांडू ही ट्रिप भलतीच हिट आहे. त्यातला सगळ्यात लाडका प्लॅन असा : शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप मिटायचा, तिथूनच पार्किंगमध्ये जायचं, रात्रभर गाडी हाणायची आणि शनिवारी सकाळी इंदुरात पोहे-जिलेबी. ऐकायला झकास. पण जरा घड्याळ लावून बघा. सातला निघालात तर चाकणच्या गर्दीतून सुटून संगमनेरला यायला अकरा. नाशिक साडेबारा. धुळं पहाटे तीनच्या पुढे. आणि महाराष्ट्राची हद्द संपते तो बिजासन घाट येतो साधारण साडेचार-पाचला, म्हणजे नेमका माणसाचा डोळा लागतो त्या वेळी. तोही दिवसभर स्क्रीनकडे बघून, दोन मीटिंगा आणि एक अप्रेझल पचवून आलेला डोळा! शेजारच्या सीटवरचा मित्र ‘मी जागा आहे रे’ म्हणत नाशिकलाच झोपलेला असतो. रस्ता जुना मुंबई-आग्रा, आणि रात्री तिथे राज्य कंटेनरचं.

म्हणून माझा फंडा उलटा आहे. नकाशावर आधी शेवटचं टोक शोधू नका. शुक्रवारी रात्री अकराच्या आत, शुद्धीवर असताना, कुठपर्यंत पोचता येईल ते शोधा. नारायणगाव फार जवळ पडतं. नाशिक दोनशे दहा किलोमीटर, आणि शहरात शिरून हॉटेल गाठेपर्यंत अजून पाऊण तास. मधोमध उरतं ते संगमनेर. पुण्याहून साधारण १४० किलोमीटर. पुणे-नाशिक हायवेवर (पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ५०, आताचा ६०) हजारो गाड्या रोज ज्या गावाला वळसा घालून जातात, तेच.

‘संगमनेरला? तिथे काय आहे?’ हा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारला गेलाय. सांगते.

आधी तिथपर्यंत पोचू. चाकण हाच या रस्त्यावरचा खरा घाट आहे, तो संपला की अर्धी लढाई जिंकली म्हणायची. जेवायला नारायणगाव बरं. तमाशाची पंढरी म्हणून ओळखलं जाणारं, विठाबाईंचं गाव. इथून जवळच खोडदला जीएमआरटी आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना शेतांमधून आकाशाकडे कान लावून उभ्या आहेत, पण रात्री त्यातलं काही दिसणार नाही, तो बेत वेगळा करा. आळेफाटा गेला की नगर जिल्हा सुरू होतो. बोटा, घारगाव, मग चंदनापुरी घाट आणि खाली संगमनेरचे दिवे. एकच सांगणं. हिवाळ्यात जात असाल तर उसाच्या ट्रॉल्यांवर नजर ठेवा. कारखाने सुरू असतात, ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या आणि शेवटच्या ट्रॉलीला ना दिवा ना रिफ्लेक्टर. तुमचा स्पीड किती का असेना, ती अचानकच दिसते.

बायपास आला की मोह आवरा आणि गाडी गावात घ्या. मुक्कामाची खोली मात्र आधी फोन करून ठेवा, लग्नसराईत अडचण होते.

सकाळी साडेसहाला मी चहाच्या टपरीवर उभी होते. चहावाल्या काकांनी गाडीची नंबरप्लेट बघितली आणि विचारलं, ‘शिर्डी का?’ पुण्याची गाडी सकाळी इथे थांबली म्हणजे ती साईबाबांकडेच जाणार हे गृहीत. महेश्वरला चाललोय म्हटल्यावर त्यांनी चहाचा दुसरा कप भरला आणि रस्ता विचारायला लागले.

प्रवरा आणि म्हाळुंगी या नद्यांचा इथे संगम होतो, गावाच्या नावातला ‘संगम’ तो. प्रवरा येते रतनगडावरून. वाटेत भंडारदऱ्याचं १९२६ मध्ये पूर्ण झालेलं विल्सन धरण भरते, मग या सगळ्या पट्ट्याचा ऊस पिकवते. पाणी आहे म्हणून दूध आहे, दूध आहे म्हणून सहकारी संघ आहेत. तुमच्या घरी पिशवीतून येणारं दूध कदाचित याच तालुक्यातलं असेल. मागच्या पिढीला विचाराल तर संगमनेर म्हणजे विडी आणि गायछाप. आजोबांच्या खिशातली ती पिवळी पुडी इथलीच. आरोग्याच्या पानावर याबद्दल जे लिहायचं ते त्यांनी लिहावं. पण घराच्या उंबऱ्यात बसून, मांडीवरच्या सुपात तंबाखू घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांवर इथले कितीतरी संसार उभे राहिले, हे या गावात फिरताना विसरता येत नाही.

आता दोन गोष्टी, ज्यांच्यासाठी मी संगमनेरला मुक्काम करा म्हणते.

पहिली आहे नदीकाठानं पूर्वेला आठेक किलोमीटरवर. जोर्वे. गाव साधंच. तिकिटाची खिडकी, गाइड, सेल्फी पॉइंट यातलं काहीही शोधू नका. पण शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात ‘जोर्वे संस्कृती’ हा शब्द आठवतोय? ते हे जोर्वे. १९५०-५१ मध्ये डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी इथे उत्खनन केलं. तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी निघाल्या, तांब्याची बांगडी निघाली आणि निघाली ती भांडी. चाकावर घडवलेली, उत्तम भाजलेली, लाल रंगावर काळ्या रेघांची भौमितिक नक्षी. काहींना बाजूने तोटी, आपल्या झारीसारखी. टिचकी मारली तर धातूसारखा खणखणीत आवाज येईल इतकी पक्की. इसवी सनापूर्वी साधारण १४०० ते ७०० या काळात महाराष्ट्रात शेती करून राहणाऱ्या माणसांची ही भांडी. पुढे अशीच भांडी इनामगावला, दायमाबादला, कितीतरी ठिकाणी सापडली आणि त्या सगळ्या काळाला नाव मिळालं ते या छोट्या गावाचं. निघण्याआधी एखाद्या दिवशी डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयात या संस्कृतीची भांडी बघून घ्या. येरवड्याहून ऑफिसला जाताना ज्या गेटवरून रोज जाता, तिथेच आहे ते. मग जोर्व्याला नदीकाठी उभं राहिलं की समोरचं शेत नुसतं शेत राहत नाही.

दुसरी गोष्ट बघायची नाही, ऐकायची आहे. शाहीर अनंत फंदी याच गावचा. जन्म १७४४, मृत्यू १८१९. पेशवाईच्या उत्तरार्धातला हा मोठा लावणीकार-फटकेकार, गावात अजूनही त्याच्या नावाने व्याख्यानमाला होते. गंमत बघा, त्याचा सगळ्यात गाजलेला फटका माणसाला आडवाटेला लागू नकोस असं बजावणारा आहे, आणि मी तुम्हाला त्याच्याच गावात हायवे सोडून आत यायला सांगतेय! शाहीरबुवा माफ करतील. कारण त्यांच्याबद्दलची कथा अशी सांगतात की अहिल्याबाई होळकरांनी त्यांना उपदेश केला आणि त्यांनी डफ-तमाशा सोडून कीर्तन धरलं. अहिल्याबाई म्हणजे महेश्वर. आपण चाललोय तिथली महाराणी. संगमनेर-महेश्वर हे कनेक्शन आपल्या गुगल मॅपपेक्षा दोनशे वर्षं जुनं निघालं की नाही?

आणि एवढ्यावर भागत नाही. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ चा, याच जिल्ह्यातल्या चौंडीचा. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं ते त्यांच्याच नावाने. म्हणजे ही सगळी ट्रिप त्यांच्या माहेरच्या जिल्ह्यातून त्यांच्या राजधानीकडे जाते. एवढा धागा हातात आला की वाटेत कुठे थांबायचं हे कुणाला विचारावं लागत नाही.

ज्यांच्याकडे एक दिवस जास्त आहे त्यांच्यासाठी इथे अजून खूप आहे. पेमगिरीचा किल्ला, जिथे १६३३ च्या सुमारास शहाजीराजांनी निजामशाहीच्या एका लहानग्या वारसाला गादीवर बसवून मोगलांना आव्हान दिलं, आणि त्याच गावचा तो अवाढव्य वड. त्याचं मूळ खोड कुठलं आणि पारंबी कुठली हे ओळखून दाखवा, पैज. दुसरा पट्टा किल्ला. नोव्हेंबर १६७९ मध्ये जालन्याहून परतणाऱ्या शिवाजी महाराजांच्या सैन्याला संगमनेरजवळ मोगलांनी गाठलं. लढाईत सिधोजी निंबाळकर पडले. बहिर्जी नाईकांनी माहितीच्या आडवाटेने सगळ्यांना पट्ट्यावर सुखरूप नेलं, महाराजांनी तिथे काही दिवस विश्रांती घेतली आणि किल्ल्याचं नावच झालं विश्रामगड. भंडारदऱ्याचा मोह मात्र टाळा. कळसूबाई, रतनवाडीचं अमृतेश्वर, काजवे हा पूर्ण वेगळा वीकेंड आहे. तो या ट्रिपमध्ये कोंबला तर दोन्हींचा विचका होईल.

साडेनऊ-दहाला संगमनेर सोडा.

काळ्या दगडाची बाग

तासाभरात सिन्नर. इथे गोंदेश्वर चुकवलंत तर तुमच्याशी बोलणार नाही. यादवकाळातलं शंकराचं पंचायतन मंदिर, मधे मोठं देऊळ आणि चार कोपऱ्यांत विष्णू, गणेश, पार्वती, सूर्य यांची छोटी देवळं, सगळी एकाच जोत्यावर. भूमिज शैलीचं शिखर म्हणजे काय हे पुस्तकातून कळत नाही. इथे मान वर करून पाहिलं की एका शिखरावर त्याचीच छोटी छोटी शिखरं ओळीने चढत गेलेली दिसतात. आवारात हिरवळ आहे, गर्दी नसते. आम्ही वीस मिनिटं थांबणार होतो, सव्वा तास गेला.

आता सिन्नरजवळूनच समृद्धी महामार्गही जातो. २०२५ मध्ये मुंबई ते नागपूर पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला. ज्यांना ‘किती तासांत मारलं’ खेळायचंय त्यांच्यासाठी तो उत्तम आहे.

नाशिकला थांबू नका. ऐकायला विचित्र वाटेल, पण नाशिक हे स्टॉप म्हणून घ्यायचं गाव नाही, त्याला दोन दिवस द्यायला हवेत. २०२७ मध्ये तिथे सिंहस्थ कुंभमेळा आहे, तेव्हा या बाजूला गाडी काढायची तर पर्वणीच्या तारखा बघूनच रजा टाका. आपण थेट चांदवड गाठायचं. डोंगराच्या कुशीत रेणुकामातेचं मंदिर आणि गावात होळकरांचा रंगमहाल. लाकडी खांब, भित्तिचित्रं, आणि ही वास्तू अहिल्याबाईंच्या काळाची. होळकरांची टांकसाळही या चांदवडात होती. रंगमहालात जतनाचं काम बरीच वर्षं चाललंय, तेव्हा आत जाता येईल का ते गावात विचारून मगच चपला काढा.

पुढे मालेगाव, यंत्रमागांचा खडखडाट. आणि संध्याकाळी धुळं. दुसरा मुक्काम इथेच. संगमनेरहून साधारण २३० किलोमीटर, पाच-साडेपाच तासांचं ड्रायव्हिंग, बाकीचा वेळ तुमचा. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच गेले आणि लगेच पुढच्या वर्षी इथे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. वेळेत पोचलात तर जरूर जा. नाही पोचलात तर शेवभाजी आहेच! सोबत कळण्याची भाकरी मागा. तिखटाला हलकं समजू नका, ‘मीडियम’ हा शब्द खानदेशात चालत नाही.

हद्द ओलांडताना

रविवारी सकाळी सातला निघायचं. शिरपूर, पळासनेर, मग सातपुड्याचा बिजासन घाट आणि पलीकडे मध्य प्रदेशातलं सेंधवा. हा टप्पा दिवसाच का, याचं कारण देते. ४ जुलै २०२३ रोजी पळासनेरजवळ ब्रेक निकामी झालेला एक मोठा ट्रक गाड्यांना धडकत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. किमान दहा जणांचा जीव गेला. तोही भर दिवसा. उतारावरून भरलेले ट्रक येत असतात, म्हणून या पट्ट्यात रस्त्याला चिकटून असलेल्या टपरीवर चहा नको. शिरपुरात घ्या, नाहीतर थेट सेंधव्याला. गाडी चालवणारे दोघं असावेत आणि दर दोन तासांनी अदलाबदल, मग समोरचा कितीही ‘मी फ्रेश आहे’ म्हणो. फास्टॅगमध्ये बॅलन्स, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी हे सगळं हाताशी ठेवा, दुसऱ्या राज्यात आपली पाटी लगेच ओळखू येते. आणि स्टेपनीत हवा आहे का ते पुण्यातच बघा.

घाट उतरला की भाषा हळूहळू बदलते. पाट्या हिंदी होतात, बोलण्यात निमाडी येते, पोह्यावर शेव येते. तरी सेंधव्याच्या बाजारात आपण मराठीत बोललो तर समोरून मराठीतच उत्तर येण्याची शक्यता बरीच. मग खलघाटला नर्मदेचा पूल. तिथून धामनोद, आणि उजवीकडे वळून तेरा किलोमीटरवर महेश्वर. जेवायच्या वेळेला तुम्ही घाटावर.

१७६७ मध्ये अहिल्याबाईंनी राजधानी इथे आणली आणि १७९५ मध्ये त्यांचा शेवटही इथेच झाला. किल्ला, खाली उतरत गेलेला घाट, पायऱ्यांवर धुणं, पाण्यात नावा. ‘पॅडमॅन’ बघितलाय? मग हा घाट ओळखीचा वाटेल. पण मला आवडली ती त्यांची राहण्याची जागा. राजवाडा म्हणायचा म्हणून म्हणायचा, प्रत्यक्षात एक साधा मराठी वाडा. चौक, लाकडी खांब, पांढरी गादी. आपल्या सदाशिव पेठेतला वाटावा इतका ओळखीचा, आणि दारातून बाहेर बघावं तर थेट नर्मदा. विणकरही त्यांनीच वसवले. पुढे हातमाग बंद पडत चालले तेव्हा १९७० च्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड आणि सॅली होळकरांनी रेहवा सोसायटी सुरू केली आणि माग पुन्हा चालू झाले. किल्ल्याच्या भिंतीवरची नक्षी साडीच्या काठावर उतरलेली दिसते, आधी भिंत बघा, मग साडी. आईसाठी एक घ्याच. पाच दिवसांच्या रजेचा जाब द्यायला तीच कामाला येते.

महेश्वरला दोन रात्री द्या, एक दिवस मांडूला. जहाज महाल, रूपमतीचा मंडप आणि ती जाडजूड बुंध्यांची गोरखचिंचेची झाडं. मांडूवर इतकं लिहून आलंय की मी थांबते. पावसाळ्यात जा, एवढंच.

आल्या रस्त्यानेच परत फिरायचं नाही, हा माझा दुसरा नियम. ओंकारेश्वरवरून बऱ्हाणपूरला या. मुमताज महल १६३१ मध्ये वारली ती इथे, ताजमहाल त्यानंतरचा. मग जळगाव, अजिंठा (सोमवारी बंद असतं, हिशेब तसा करा), छत्रपती संभाजीनगर आणि पुण्याचा रस्ता. बुधवारी बऱ्हाणपूर, गुरुवारी अजिंठा, शुक्रवारी घर. शनिवार-रविवार कपडे धुवायला.

संभाजीनगर सोडल्यावर तासाभरात कायगाव टोक्याला गोदावरीचा मोठा पूल लागतो. तो ओलांडला की प्रवरासंगम. संगमनेरहून उसाच्या रानांतून वाहत आलेली प्रवरा इथे गोदावरीला मिळते. काठावर जुनी दगडी देवळं आहेत, घाट आहे. गाडी सावलीत लावा, पाय पाण्यात सोडा. पुणं इथून दोनशे किलोमीटरच्या आत, आणि नगरच्या पुढे संध्याकाळची गर्दी लागते, तेव्हा चारच्या आत उठा.